आधी बोटं पाहा, मग टाके घाला

वऱ्हाडात छातीत जळजळ होते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला, नाडी पाहण्याआधी, आरोपपत्र वाचून दाखवतात. ‘तिखट किती खाता?’ हे पहिलं कलम. माणूस अकोटचा, दर्यापूरचा किंवा मूर्तिजापूरचा असला की गुन्हा शाबीत झाल्यातच जमा. ठेच्याच्या मुलखात पोट जळणार नाही तर कुठे जळणार? बाई असली की कलमं वाढतात. उपास फार करता. सगळ्यांचं झाल्यावर जेवता. विचार फार करता. पाच मिनिटांत निकाल लागतो, शिक्षा म्हणून पॅन-डीची पट्टी हातात पडते आणि बाहेरचा पोऱ्या पुढचं नाव पुकारतो.

माझ्या वहिनीने ही शिक्षा कित्येक वर्षं भोगली. तिचं गाव खारपाणपट्ट्यात. तिथे पोटाच्या कुठल्याही तक्रारीला आणखी एक ठरलेला आरोपी असतो, तिथलं पाणी. ते पाणी वाईट आहेच आणि त्यावर भांडायला पुष्कळ जागा आहे. पण गिळलेला घास छातीच्या मधोमध येऊन थांबतो, तो काही खाऱ्या पाण्याने नव्हे. “घास उतरतच नाही जी, वरून पाणी टाका लागते,” हे ती प्रत्येक डॉक्टरला सांगत होती. डॉक्टर त्यावर मान डोलवायचे आणि कागदावर ‘अॅसिडिटी’ लिहायचे. तिच्या वाक्यातला अर्धा रोग असा दरवेळी टेबलावरच सांडायचा.

उरलेला अर्धा तिच्या हातांत होता आणि तो तिने लपवलेला नव्हता. कापूस वेचायचे दिवस म्हणजे ऐन थंडी. सकाळी दव पडलेल्या कपाशीत हात घातला की तिची बोटं खडूसारखी पांढरी पडत, मग निळी होत, मग लाल होऊन ठणकत. पुढे बोटं सुजली, अंगठी अडकली. त्यानंतर कातडी ताणून चकचकीत झाली, चिमटीत धरता येईना. बोटांच्या टोकांना बोंडाची टोकं लागून जखमा व्हायच्या आणि त्या भरायच्या नाहीत. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या, त्याचं तर नातेवाइकांनी कौतुक केलं. “वहिनी तं जवानच होऊन राह्यल्या!” तोंड पूर्वीइतकं उघडत नव्हतं, त्याचं कारण दातांच्या डॉक्टरने हिरड्यांत शोधलं. अंगावर पांढरे-काळे ठिपके उमटले तेव्हा शेजारणीने कोड ठरवलं, आणि बोटांची टोकं झिजलेली पाहून कुणीतरी दबक्या आवाजात महारोग म्हणून मोकळं झालं. ज्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं, त्या अमरावतीपासून दोन तासांच्या अंतरावर आजही झिजलेलं बोट दिसलं की लोक रोग विचारत नाहीत, अंतर ठेवतात.

रोगाचं नाव स्क्लेरोडर्मा. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, कातडी आणि आतले अवयव घट्ट तंतूंनी भरत जातात. पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक होतो, तोही बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे घर आणि शेत दोन्ही तिच्याच हातांवर चालत असतात तेव्हा. कातडीवरून नाव पडलं खरं, पण कातडीनंतर हा रोग सगळ्यांत जास्त जिथे सापडतो ती जागा म्हणजे अन्ननलिका. दहापैकी आठ-नऊ रुग्णांत ती कमीअधिक बिघडलेली असतेच.

आता गंमत पाहा. कातडी चर्मरोगवाल्याकडे गेली, सांधे हाडांच्या डॉक्टरकडे, खोकला छातीवाल्याकडे आणि जळजळ पोटवाल्याकडे. चार फायली झाल्या आणि त्या चारही फायलींत वहिनी कुठेच नव्हती. अकोल्याच्या रामदास पेठेतल्या एका जिन्यावरून उतरून शेजारच्या जिन्यावर चढलं की हा रोग वेगळा व्हायचा. हात हातात घेऊन पाहायला लागतं अर्धं मिनिट. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं तर तिथल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या फुगलेल्या, तुटलेल्या दिसतात. त्यासाठी वातानुकूलित खोली लागत नाही, चर्मरोगतज्ज्ञाच्या खिशातलं भिंग पुरतं. रोग ठरवण्यासाठी २०१३ साली अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून गुणांची एक पद्धत केली. नऊ गुण झाले की रोग पक्का. दोन्ही हातांच्या बोटांची कातडी मुळाच्या सांध्यापलीकडे जाड झाली असेल तर त्या एकाच गोष्टीला नऊ गुण आहेत. म्हणजे नुसत्या हातावर निदान होतं. त्या यादीत अन्ननलिकेला मात्र एकही गुण नाही. अॅसिडिटी जगात सगळ्यांनाच असते, तिच्यावरून काय ठरवायचं? पण आमच्याकडे सगळी मिरवणूक निघाली ती अॅसिडिटीचीच.

कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आमच्या मुलखात बोंड फोडून अळी कशी ओळखायची हे बांधाबांधावर शिकवलं गेलं. ते योग्यच झालं. पण तेच बोंड वेचणाऱ्या बाईचं बोट पांढरं पडतं, ते ओळखायला कुणी बांधावर आलं नाही. दवाखान्यातही नाही.

आणि मग आली शस्त्रक्रिया.

एंडोस्कोपी झाली. रिपोर्टवर ‘लॅक्स एलईएस’ असं छापून आलं. आमच्या भागातल्या शंभर रिपोर्टांपैकी किती रिपोर्टांवर ही अक्षरं नसतात, हे मला एकदा कुणीतरी सांगावं. अन्ननलिका जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू ढिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात, त्याचं नाव मी घेत नाही, शल्यविशारदांनी रिपोर्ट उलटा धरूनही वाचता येईल इतक्या सरावाने सांगितलं, “व्हॉल्व्ह ढिला आहे, टाइट करून देऊ. दुर्बिणीने. दोन दिवसांत घरी.” वहिनी समोर बसली होती. हात पदराखाली होते. ते बाहेर काढा असं त्यांनी म्हटलं नाही. बाहेर बसलेल्या मुलीने पॅकेज समजावून सांगितलं, त्यात जेवणाचा खर्चही धरला होता. घास उतरत नाही अशी तक्रार असलेल्या बाईला!

मी डॉक्टर नाही. अमरावतीत कॉलेजच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. दाब, प्रवाह आणि पंप एवढं मला कळतं, आणि या प्रकरणात तेवढं पुरेसं आहे.

अन्ननलिका साधारण पंचवीस सेंटिमीटर लांबीची नळी. तिचा वरचा तिसरा हिस्सा हातापायांत असतात त्या जातीच्या स्नायूंचा, खालचा भाग आपोआप चालणाऱ्या गुळगुळीत स्नायूंचा. आपण घास गिळतो तेव्हा वरून खाली एक लाट जाते, ती घासाला ढकलत नेते. हीच लाट जठरातून चुकून वर आलेलं आम्लही परत खाली लोटते. स्क्लेरोडर्मा घाव घालतो तो नेमका खालच्या भागावर. स्नायू झिजतात, जागा तंतू घेतात, लाट मंदावते आणि पुढे थांबते. खालची झडपही ढिली पडते. म्हणजे आम्ल वर यायला मोकळं आणि आलेलं आम्ल परत ढकलायला कुणी नाही. रात्रभर ते तिथेच बसून अन्ननलिका जाळतं. त्यातून व्रण होतात, व्रण भरताना नळी आखडते, काहींच्या आतल्या अस्तराचा पोत बदलतो आणि तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. झोपेत ते पाणी श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसं बिघडतात, आणि या रोगात फुप्फुसं आधीच निबर होत असतात. माणसं मरतात ती बहुधा फुप्फुसांमुळे. म्हणून ही जळजळ किरकोळ नाही, हे मला मान्य आहे. शस्त्रक्रियेचा विचार मनात येणंही चूक नाही.

पण शेतात मोटर जळालेली असताना पाइपाच्या शेवटचा व्हॉल्व्ह आवळून देणाऱ्या मेकॅनिकला आपण काय म्हणतो? बंद पडलेल्या मोटरीतून उताराने जे थेंब थेंब पाणी येत होतं तेही त्याने बंद केलं. वहिनीचा घास ताठ बसून, वरून पाणी टाकून, केवळ वजनाने खाली जात होता. त्याच्या वाटेवर घट्ट गाठ मारायला निघालेल्या माणसाने निदान मोटर चालू आहे का हे पाहायला नको?

पाहायची सोय आहे. तिला मॅनोमेट्री म्हणतात. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात, पाण्याचे घोट गिळायला लावतात आणि नळीवरचे दाबमापक प्रत्येक लाटेचा जोर लिहून घेतात. अर्धा तासही लागत नाही. जळजळीची शस्त्रक्रिया करण्याआधी ही तपासणी करावी, हा जगभरातल्या शल्यविशारदांनी स्वतःच घालून घेतलेला नियम आहे, कुणा संतापलेल्या नणंदेने घातलेला नाही. एंडोस्कोपीत अस्तर दिसतं, स्नायूची ताकद दिसत नाही. मॅनोमेट्री गावात नसेल तर बेरियम पाजून क्ष-किरणांखाली पाहा. रुग्णाला आडवं झोपवलं आणि पांढरा घोट छातीतच साचून राहिला, की लाट मेली हे कंपाउंडरलाही दिसेल. आमच्या चिठ्ठीवर यातलं काहीच नव्हतं. चिठ्ठीवर होती ती तारीख, शस्त्रक्रियेची.

ज्या शस्त्रक्रियेची ती तारीख होती तिचा जन्मही मोठा नाट्यमय आहे. रुडॉल्फ निसेन हा जर्मनीतला ज्यू शल्यविशारद. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि निसेन इस्तंबूलला निघून गेला. तिथे १९३६मध्ये एका रुग्णाच्या अन्ननलिकेचा खालचा टोकाचा भाग काढताना, टाके उसवू नयेत म्हणून त्याने जठराचा वरचा भाग भोवती गुंडाळला. त्या रुग्णाची जळजळ कायमची थांबलेली पुढे लक्षात आली. १९५६ साली स्वित्झर्लंडमधून त्याने ही गुंडाळी जळजळीवरचा इलाज म्हणून प्रसिद्ध केली आणि तिला त्याचं नाव पडलं. गुंडाळण्याचा त्याला नादच असावा, कारण मधल्या काळात, १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने आइन्स्टाइनच्या पोटातली फुगलेली महारोहिणी सेलोफेनने गुंडाळली होती, आणि आइन्स्टाइन त्यानंतर सहासात वर्षं जगला. माणूस थोर होता यात शंका नाही. १९९१नंतर ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ लागली आणि साध्या जळजळीच्या, हर्नियाच्या असंख्य रुग्णांना तिने आराम दिला. जिथे लाट शाबूत आहे तिथे ती उत्तम शस्त्रक्रिया आहे. माझं भांडण तिच्याशी नाहीच.

ज्या १९३३ साली निसेनने जर्मनी सोडली, त्याच वर्षी चित्रकार पॉल क्ली यालाही नाझींनी ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीतून काढलं आणि तो बर्नला आला. १९३५मध्ये तो आजारी पडला तो पुढे सावरलाच नाही. कातडी ताठरली, घास उतरेना, पातळ आणि मऊ अन्नावर दिवस काढावे लागले. १९४० साली तो गेला. रोगाचं नाव त्याच्या हयातीत कुणी लावलं नाही. स्क्लेरोडर्मा असावा हे नंतरच्या डॉक्टरांनी कागदपत्रांवरून आणि छायाचित्रांवरून ठरवलं. एकट्या १९३९ या वर्षात त्याने बाराशेहून अधिक चित्रं केली. १९३५ साली रोग ओळखला गेला नाही याला निदान काळाचं कारण देता येतं. आमच्याकडे गल्लीगल्लीत सोनोग्राफी आहे आणि तरीही बाईचा हात पदराखालीच राहतो, याला कोणतं कारण द्यायचं?

लाट मेलेल्या अन्ननलिकेवर काय करावं याचंही उत्तर अगदीच नाही असं नाही. निसेनची गुंडाळी पूर्ण, तीनशे साठ अंशांची. स्क्लेरोडर्मात ती टाळतात, कारण गिळणं आणखी अवघड होतं. फ्रेंच शल्यविशारदांनी साठच्या दशकात अर्धवट गुंडाळ्या काढल्या. दोर याची पुढून, तुपे याची मागून दोनशे सत्तर अंशांची. करायचीच झाली तर यांतली करतात, आणि तीही निवडक रुग्णांत. फुप्फुस बदलण्यासाठी वाट पाहणाऱ्या काही स्क्लेरोडर्मा रुग्णांत मोठ्या केंद्रांनी अशी अर्धवट गुंडाळी केलेली आहे, कारण नव्या फुप्फुसात आम्ल उतरणं परवडत नाही. तिसरा मार्ग वेगळाच आहे. गुंडाळायचं नाही, जठराचा छोटासा कप्पा ठेवून त्याला थेट लहान आतडं जोडायचं, म्हणजे आम्ल आणि पित्त वर यायलाच नको. वजन कमी करण्यासाठी करतात तीच ही शस्त्रक्रिया. पिट्सबर्गच्या शल्यविशारदांनी २००७ साली या मार्गांची तुलना छापली आणि त्यात गुंडाळीपेक्षा या जोडणीचं पारडं जड दिसलं. पण त्या तुलनेत सगळे मिळून पंचविसाच्या आत रुग्ण होते. जगातलं यावरचं बहुतेक ज्ञान असंच मूठ-दोन मूठ रुग्णांवरचं आहे. आणि ज्या बाईचं आतडंही या रोगाने सुस्तावलेलं आहे, जिचं वजन आधीच उतरलंय, तिचं आतडं असं वळवणं म्हणजे नव्या संकटाला वाट करून देणं. अन्ननलिकाच काढून टाकणं हा अगदी शेवटचा उपाय, त्याची किंमतही तशीच.

जगातली मोठी केंद्रं जिथे जपून पाऊल टाकतात तिथे आमच्याकडे ‘दोन दिवसांत घरी’. या दोन वाक्यांमधल्या अंतराला मी राग आल्याशिवाय पाहू शकत नाही.

बरं, भूल द्यायची कुणाला? जिचं तोंड पुरतं उघडत नाही तिच्या घशात नळी घालणं हीच एक परीक्षा. हातांची कातडी इतकी ताठ की शीर सापडत नाही. शस्त्रक्रियेची खोली थंडगार, त्यात बोटं पांढरी पडणार, आणि बोटाला लावलेल्या चिमट्याला प्राणवायूचं प्रमाण कळणार नाही. फुप्फुसांत तंतू किती, फुप्फुसांकडच्या रक्तवाहिन्यांत दाब किती, हे आधी पाहिलंच पाहिजे. ‘फिटनेस’साठी आमच्याकडून मागवलं ते ईसीजी आणि साखर. एवढ्यावर बैलालाही भूल देऊ नये.

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही राजीव गांधींच्या नावाने २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होती. चांगली योजना आहे, तिने माणसं वाचवली आहेत. आज कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. पण तिची सगळी रचना दाखल होणाऱ्या रुग्णाभोवती आहे. खाटेवर पडा, चिरून घ्या, पैसे मिळतील. बाह्यरुग्ण म्हणून एखादी तपासणी करून घेऊन, शस्त्रक्रिया नको असं ठरवून, आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या म्हटलं की खिसा तुमचा. म्हणजे चुकीची शस्त्रक्रिया फुकट पडते आणि ती टाळणारी तपासणी विकत घ्यावी लागते. रुग्णालय सरकारी असो की खासगी, हिशेब ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला सल्लाही कलतो, यासाठी कुणी लबाडच असावं लागतं असं नाही. २०१६च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत, सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, आणि ते असायलाच हवेत. बोटं मुठीत न येणारी, घास न गिळता येणारी बाई नावानिशी त्यात नाही. तिने हाडांच्या खिडकीवर उभं राहून ‘हालचालीचं अपंगत्व’ म्हणून टक्के मागायचे.

जून २०२२मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात, एकपदरी मोजला तर ७५ किलोमीटरचा, डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून आपण गिनीजचा विक्रम केला. त्या रस्त्याने आम्ही वहिनीला कितीदा नेलं-आणलं, गाडीत पोटातलं पाणी हललं नाही, त्याबद्दल मी आभारीच आहे. प्रश्न त्या रस्त्याच्या दोन टोकांना आहे. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय १९८४पासून आहे, अकोल्याचं शासकीय महाविद्यालय २००२पासून, अमरावतीचं शासकीय २०२४पासून. (वर सांगितलेला प्रसंग यांपैकी कुठेही घडलेला नाही.) दरवर्षी इतकी पोरं या दोन गावांत डॉक्टर होतात. त्यांना एकच सवय लावा. जळजळ सांगणाऱ्या प्रत्येक रुग्णाला म्हणायचं, हात दाखवा. थंडीत रंग बदलतो का? अंगठी निघते का? तोंडात तीन बोटं उभी मावतात का? याला यंत्र लागत नाही, निविदा निघत नाही, म्हणूनच कदाचित कुणाला सुचत नाही.

शस्त्रक्रियेच्या विरोधात बोलते म्हणून काही मंडळी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. त्यांनाही जरा दूर व्हायला सांगते. एक म्हणाले, कोमट पाण्यात लिंबू. दुसऱ्याने मोबाइलवर पाठवलं की अॅसिडिटीच्या गोळ्यांनी किडनी जाते, ताबडतोब बंद करा. वहिनीने त्या बंद केल्या आणि आठवड्यात रात्री खोकत उठू लागली. या गोळ्यांना लांब पल्ल्याचे तोटे आहेत, जीवनसत्त्व बी-१२ कमी होऊ शकतं, आतड्यात नको ते जंतू माजू शकतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. पण या रोगात त्या बऱ्याचदा दोन वेळा आणि वर्षानुवर्षं घ्याव्याच लागतात. जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, ती रात्री झोपताना दुधाबरोबर घेत होती. औषध चालत नाही असा शेरा मारून चाकू उचलणाऱ्यांनी आधी ते औषध कधी घेतलं जातं एवढं तरी विचारायचं होतं. बोटांसाठी दिलेल्या निफेडिपिनने अन्ननलिकेची झडप आणखी सैल पडते, तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायला हवं. ते बोलले नाहीत, त्यांच्यामध्ये मी निरोप्या झाले. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या गावोगाव मिळतात. त्यात स्टेरॉइड निघालं तर ते मोठ्या डोसमध्ये या रोगात मूत्रपिंडांवर एकाएकी संकट आणू शकतं. आणि ‘शस्त्रक्रिया कधीच नको’ म्हणणारे तज्ज्ञही मला भेटले. पूर्ण औषधं घेऊनही एखादीच्या छातीत रोज रात्री जेवण उतरत असेल, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर तिला ‘उशी उंच घ्या’ सांगून घरी पाठवणं हाही निष्काळजीपणाच, फक्त त्यात टाके दिसत नाहीत.

अखेर ती तारीख टाळून वहिनीला नागपूरला नेलं. तिथे मॅनोमेट्री झाली. आलेखाच्या वरच्या पट्ट्यात थोडी हालचाल, खाली सपाट. छातीचा सीटी झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्तातली प्रतिपिंडं पाहिली. तिथल्या शल्यविशारदाने रिपोर्ट बाजूला ठेवून आधी वहिनीचे दोन्ही हात टेबलावर मागितले. त्याच्यासमोर तिने विचारलं, “ऑपरेशन नाहीच कराचं असं नाही माह्यं. पण व्हॉल्व्ह आवळल्यावर घास खाली कोन ढकलन?” तो हसला नाही. म्हणाला, “बाई, हेच मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारतो.”

मग त्याने अटी सांगितल्या. गोळ्या योग्य वेळी, दोन वेळा, काही महिने. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. रात्रीचं जेवण लवकर, त्यानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. फुप्फुसांची तपासणी ठरावीक काळाने, संधिवाततज्ज्ञाची औषधं चालू. एवढं करूनही व्रण भरले नाहीत किंवा छातीत अन्न उतरू लागलं तर बसून बोलू, तेव्हाही पोटात डोकावण्याआधी जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते मोजू, आणि केली तर अर्धवट गुंडाळी. फाइलच्या पहिल्या पानावर त्याने लाल शाईने, सुवाच्य अक्षरांत, निदान लिहिलं आणि खाली दोन ओळी लिहून सही केली. पूर्ण गुंडाळी करू नये. भूल देण्याआधी तोंड, फुप्फुसं आणि हृदय तपासावं.

परतताना बडनेऱ्याला उतरून ते पान आम्ही लॅमिनेट करून घेतलं, वहिनी कुठेही गेली तरी पिशवीत असावं म्हणून. झेरॉक्सवाल्याने त्याचे तीस रुपये घेतले. या दुखण्यावर आजवर झालेल्या खर्चात ज्याची पावती मी जपून ठेवली आहे, असा तेवढाच एक खर्च.